हिंवाळ्यांतील हिरवें तोरण : पान घ्यावें, शेंडा राखावा

तोरण हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तोरण बांधणें हें बायकामुलांचें काम. त्यास लेखाची काय आवश्यकता, असेंही कोणी म्हणेल. परंतु तोरणाचें पान ज्या झाडावरून येतें तें झाड शेतकऱ्याचें असतें, आणि उतरलेलें तोरण ज्या उकिरड्यावर जातें तो उकिरडाही शेतकऱ्याचाच असतो. झाडापासून उकिरड्यापर्यंतच्या या वाटेंत दोन ठिकाणीं नुकसान होतें. एक आमराईंत व दुसरें गोठ्यांत. तें नुकसान कसें टाळावें, आणि घरच्याच साहित्यांत नीटनेटकें व टिकाऊ तोरण कसें बांधावें, हें या पाठांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. हिंवाळ्यांत विशेष काळजी कां घ्यावी

कार्तिकांत तुळशीचें लग्न लागलें म्हणजे लग्नसराईस आरंभ होतो. त्यापुढें मार्गशीर्षांतील गुरुवार, चंपाषष्ठी व दत्तजयंती. लातूर, धाराशिव, नांदेड या बाजूस वेळ अमावास्या. नंतर भोगी, संक्रांत व माघांतील रथसप्तमी, असे प्रसंग एकामागून एक येत राहतात. यांपैकीं बहुतेक प्रसंगीं दारास हिरवें पान लागतेंच, आणि तें बहुधा आंब्याचें असतें.

आंब्याचेंच पान कां, यास आचाराखेरीज व्यवहाराचेंही कारण आहे. आंबा हें सदाहरित झाड आहे. त्याचीं सर्व पानें एकदम गळत नाहींत. हिंवाळा सरतां सरतां साग व पळस उघडे पडतात, तेव्हांही आंबा हिरवागार असतो. त्याचें पान जाड व चिवट असून त्यावर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळें तोडल्यावरही तें तीन-चार दिवस आपला रंग व आकार राखतें. युरोपांतील थंड देशांतही हीच दृष्टि आहे. तेथें नाताळच्या सुमारास बहुतेक झाडें निष्पर्ण झालेलीं असतात. म्हणून तेथील लोक फर, स्प्रूस, हॉली, आयव्ही अशा हिंवाळ्यांतही हिरव्या राहणाऱ्या वनस्पतींच्या डहाळ्यांचें वाटोळें कडें बांधून दारावर टांगतात. देश निराळा, आकार निराळा. पण ऐन थंडींत हिरवें राहणारें पान दारास लावावें ही हौस एकच आहे. त्या लोकांस डहाळी कापण्याची फारशी धास्ती नसते, कारण फर-स्प्रूसच्या डहाळीपासून त्यांस खाण्याचें फळ मिळवावयाचें नसतें. आपली गोष्ट तशी नाहीं.

आंब्याचा मोहोर बहुतेक फांदीच्या शेंड्यावरील डोळ्यांतून निघतो. पालवी येऊन ती जून झाली, शेंडा पक्व झाला आणि रात्रींची थंडी पडूं लागली, म्हणजे त्या डोळ्यांतून पालवीऐवजीं मोहोर बाहेर पडतो. हा काळ साधारणपणें मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा. स्थळ व हवामान यांप्रमाणें थोडा मागें-पुढें. म्हणजे ज्या दिवसांत आपणांस तोरणें हवीं असतात, त्याच दिवसांत झाडाचें वर्षाचें उत्पन्न शेंड्याच्या डोळ्यांत असतें. त्या वेळीं डहाळीसकट शेंडा मोडला, तर आठ-दहा पानें हातीं येतात खरीं, पण त्यांबरोबर मोहोरही हातीं येतो. मोडलेल्या जागेखालून पुढें फूट येते. परंतु तिच्या भरंवशावर त्या वर्षींचें फळ धरतां येत नाहीं.

कोणी म्हणतील, झाडावर शेंडे अगणित असतात. चार गेले तर काय बिघडलें? यावर उत्तर असें कीं, एका मोहोरांत फुलें शेंकड्यांनीं, कधीं हजारोंनींही असलीं, तरी अखेरपर्यंत टिकणारें फळ बहुधा एखादेंच. पुष्कळ मोहोर तर रितेच राहतात. वारा, तुडतुडे, भुरी व ढगाळ हवा यांचा वांटा त्यांतून आधींच जातो. अशा ठिकाणीं झाडाचा भरंवसा शेंड्यांच्या संख्येवरच असतो. ती संख्या आपल्याच हातानें कमी करणें शहाणपणाचें नव्हे.

२. थोडा हिशेब

आमची नोकरीची वर्षें महसुलाच्या कागदांत गेलीं. म्हणून गोष्ट आंकड्यांत मांडल्याशिवाय आमचें समाधान होत नाहीं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं धरले आहेत. प्रत्येकानें त्यांच्या जागीं आपल्या घराचे आंकडे घालून पाहावे.

एका घरास पुढील दार, मागील दार, देवघर व गोठा अशीं ४ तोरणें. प्रत्येकीं १७ पानें, एकूण ६८. एका शेंड्यावर तोरणास योग्य अशीं ८ पानें मिळतात असें धरल्यास एका सणास ९ शेंडे मोडतात. हिंवाळ्यांत असे ६ प्रसंग धरले तर ५४ शेंडे झाले. प्रत्येक शेंड्यास मोहोर येतोच असें नाहीं व प्रत्येक मोहोरास फळ टिकतेंच असें नाहीं. म्हणून ४ शेंड्यांमागें अवघें १ फळ धरूं. तरी घरामागें १३ आंबे गेले. तेरा आंब्यांनीं कोणी बुडत नाहीं हें खरें. परंतु ३०० उंबऱ्यांच्या गांवांत निम्म्याच घरांनीं असें केलें, तर ८,१०० शेंडे व त्यांबरोबर सुमारें २,००० फळें गेलीं. शेंकड्यानें मोजल्यास हा आंकडा वीस शेंकड्यांचा होतो.

शिवाय हा भार सर्व झाडांवर सारखा पडत नाहीं. गांवाजवळचें, वाटेवरचें, हात पोंचेल असें जें झाड असतें, तेंच दर सणास ओरबाडलें जातें. त्याच्या खालच्या फांद्यांस शेंडाच उरत नाहीं. पुष्कळदां तें झाड एखाद्या लहान खातेदाराचें असतें, व त्याच्या वर्षाच्या मीठमिरचीचा खर्च त्याच झाडावर चालत असतो. जमिनीच्या कामांत बांधावरील झाडाच्या फळांवरून झालेले तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले. परंतु पानांवरून कोणीं तक्रार केल्याचें आठवत नाहीं. पान हें कोणाचेंच नसतें, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वयें खातेदाराच्या जमिनींतील झाडांवरील हक्क सामान्यतः त्या खातेदाराचा असतो. १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचींतही आंब्याचें नांव आहे. म्हणजे आंब्याचें झाड पाडावयाचें तर परवानगी लागते. कायदा अशा रीतीनें खोडाचें रक्षण करतो. शेंड्याचें रक्षण मात्र मालकानें व शेजाऱ्यानें आपल्या विवेकानेंच करावयाचें असतें. सबब दुसऱ्याच्या झाडास हात लावण्यापूर्वीं मालकास विचारावें, आणि कोठून पान घेणार तेंही सांगावें.

३. पानें कोठून व कशीं घ्यावीं

झाडास अपाय न होतां पानें मिळण्याच्या जागा पुष्कळ आहेत. त्यांचा क्रम असा ठेवावा :

(अ) कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटावरून, जी रायवळ फूट येते ती. ही फूट वेळींच काढली नाहीं तर ती जोर धरून वरच्या कलमास मारक होते. ती तशीही काढावयाचीच असते. तिचीं जून पानें तोरणास उत्तम.

(आ) झाडाच्या पोटांत, दाट सावलींत असलेल्या बारीक व खुरटलेल्या डहाळ्या. त्यांस ऊन मिळत नाहीं व मोहोरही क्वचित् येतो. त्या काढल्यानें आंत उजेड व वारा खेळतो, हा दुसरा लाभ.

(इ) वाऱ्यानें मोडलेल्या किंवा वाट मोकळी करण्यासाठीं कापलेल्या फांद्या.

(ई) हें कांहींच नसेल तर फळत्या फांदीवरील पानें. परंतु टोंकाचा झुबका व डोळा यांस न शिवतां, त्यांमागील जून पानें तेवढीं घ्यावीं. एका डहाळीवरून दोन-तीन पानांहून अधिक घेऊं नयेत. पान हें झाडाचें स्वयंपाकघर आहे. पुढें फळ पोसणार तें त्याच पानांच्या बळावर.

तांबूस कोंवळी पालवी कधींच घेऊं नये. ती दोन घटकांत मलूल होऊन लोंबूं लागते, आणि झाडाची पुढील वाढ मात्र जाते. गडद हिरवें, वाकविलें असतां न मोडणारें, किडीच्या गांठी व करप्याचे डाग नसलेलें पान निवडावें.

पानें सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं काढावीं. रात्रभरांत पान पाण्यानें भरलेलें असतें व तें अधिक टिकतें. देठ मुळाशीं कात्रीनें कापावा. पान ओढून तोडल्यास सालीची चीर निघते व देठाच्या बगलेंतील डोळा दुखावतो. देठांतून चीक येतो. आंबा, काजू व बिब्बा हीं एकाच कुळांतील झाडें असल्यानें हा चीक कांहींजणांच्या कातडीस बाधतो; म्हणून पानें देठ खालीं करून थोडा वेळ ठेवावीं, नंतर धुवावीं, आणि तोंवर मुलांनीं तो हात डोळ्यांस लावूं नये. झाडावर तुडतुड्यांसाठीं किंवा भुरीसाठीं औषध फवारलें असेल, तर डब्यावरील सूचनेप्रमाणें मुदत उलटल्याखेरीज त्या झाडाचें पान घरांत आणूं नये.

४. साहित्य

दार ४ फूट रुंद आहे असें धरून साहित्य पुढीलप्रमाणें घ्यावें :

अंबाडीची किंवा तागाची दुपदरी दोरी, करंगळीहून बारीक, सुमारें ७ फूट. आंब्याचीं पानें १७. शिवाय फाटल्या-तुटल्यास दोन-तीन अधिक. झेंडूचीं फुलें १६. नारळाच्या खराट्याच्या हिरी २०. सुती दोरा व सुई. भाताच्या वाळलेल्या लोंब्या किंवा गव्हाच्या ओंब्या ७. खुणेसाठीं कोळशाचा तुकडा.

यांत विकत घेण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. अंबाडी नसेल तर घायपाताचा वाख किंवा भिजविलेलें केळीचें सोपट चालतें. मात्र सोपट वाळलें म्हणजे ठिसूळ होतें, म्हणून तें दुहेरी पिळून घ्यावें. लोंब्या भात कापणीच्या वेळींच देठासकट निवडून, सावलींत उलट्या टांगून वाळवून ठेवाव्या. ज्या गांवीं भात नाहीं, तेथें खरीप ज्वारीचीं लहान कणसें घ्यावीं, तीन पुरतात. कणसें निरोगी असावीं. काणी पडलेलें कणीस दारास लावूं नये. त्याची काळी भुकटी उडून बियाण्याच्या दाण्यांस चिकटते व रोग पुढील वर्षीं शेतांत जातो.

५. बांधणी

पहिली कृति. दोरी पावघटका पाण्यांत भिजवावी व दोन खुंट्यांमध्यें ताणून वाळूं द्यावी. असें केल्यानें तिचा जादा पीळ जातो व तोरण पुढें फिरत नाहीं. कोरी दोरी तशीच वापरल्यास ती पानांच्या ओझ्यानें उलगडते व पानें पाठमोरीं होतात.

दुसरी कृति. दोरीच्या मधोमध कोळशानें खूण करावी. तेथून उजवीकडे व डावीकडे तीन तीन इंचांवर, म्हणजे चार चार बोटांवर, आठ आठ खुणा कराव्या. एकूण १७ खुणा होतात, व पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत बरोबर ४ फूट भरतात. दार लहान असल्यास दोन्हीकडील खुणा सारख्या कमी कराव्या. म्हणजे पानांची संख्या विषम राहते व मध्य चुकत नाहीं.

तिसरी कृति. धुतलेलीं पानें पुसून आकाराप्रमाणें लावून ठेवावीं. सर्वांत मोठें पान मध्यावर, व तेथून दोन्ही बाजूंस क्रमानें लहान. बांधणीस आरंभ मध्यापासून करावा. एका टोंकापासून आरंभ केला, तर दुसऱ्या टोंकास पान कमी किंवा जास्त होतें.

चौथी कृति. पानाची तुकतुकीत बाजू आपणांकडे ठेवावी. देठाकडील सुमारें दोन इंच भाग दोरीवरून पाठीमागें दुमडावा. दुमडतांना एकदम जोर करूं नये. आधीं आंगठ्यानें त्या जागीं शीर हलकेंच दाबावी, मग वाकवावी. आतां दोरीच्या लगेच खालीं हिरीचा अणकुचीदार तुकडा मधल्या शिरेच्या डाव्या बाजूनें आंत घालावा, मागील घडी टिपून तो शिरेच्या उजव्या बाजूनें पुढें काढावा. हा एक टांका झाला. मधली शीर या टांक्यांत अडकल्यानें पान वाऱ्यानें फाटत नाहीं. हिरीचीं टोंकें दोन्हीकडे अर्धें बोट ठेवून बाकीचीं छाटावीं.

पांचवी कृति. सुती दोरा दुहेरी करून झेंडूचें फूल देठाकडून ओंवावें, खालीं गांठ मारावी व दोन पानांच्या मधोमध दोरीस बांधावें. दोरा चार बोटांहून लांब ठेवूं नये. नाहीं तर फुलें पानांत गुंततात. हिंवाळ्यांत झेंडू परसांत मुबलक असतो. नसेल तर फुलांवांचून तोरण अडत नाहीं.

सहावी कृति. सात लोंब्यांची जुडी देठाशीं घट्ट बांधून ती मधल्या पानावर, दाणे खालीं येतील अशी, सुतळीनें बांधावी. कोंकणांत दसऱ्याच्या सुमारास भाताची लोंबी, नाचणीचें कणीस, आंब्याचें पान व झेंडू यांचें नवें दारास बांधण्याची चाल आहे. ज्या घरीं तें जपून ठेविलेलें असेल, त्यांनीं त्यांतल्याच लोंब्या घेतल्यास विशेष उचित. चिमण्या येऊन दाणे टिपतील. त्यांस हांकूं नये. दाणे संपले तरी जुडीची शोभा राहते.

सातवी कृति. चौकटीच्या दोन कोंपऱ्यांस तोरण बांधतांना दोरी ताठ ओढूं नये. मध्यें चार बोटें झोळ ठेवावा. ताठ दोरीस वाऱ्याचा हिसका बसतो. पानांची टोंकें उंच माणसाच्या डोक्यास न लागतील इतकी उंची पाहावी. हें सर्व काम सरावाच्या हातास घटकाभराचें आहे. प्रथम करणारास दोन घटका लागतील.

६. वर्ज्य वस्तु

आतां गोठ्याच्या नुकसानीविषयीं. अलीकडे घाईनें काम उरकण्यासाठीं पानें तारेवर ओंवतात, किंवा कागद जोडण्याच्या लहान पिनांनीं टोंचून घेतात. असलें तोरण दिसावयास चांगलें. पण सण झाल्यावर तें उकिरड्यावर जातें, व वाळल्या पानांबरोबर गाय किंवा बैल तें ओढून खातो. गुरें चारा प्रथम अर्धवट चावून गिळतात व रवंथ मागाहून करतात. ओठांनीं निवडून वस्तु बाजूस टाकण्याची शक्ति त्यांस फारशी नाहीं. तार किंवा पिन गिळली म्हणजे ती बहुधा जाळीदार पोटांत जाऊन पडते. तें पोट आकुंचन पावतें तेव्हां अणकुचीदार टोंक त्याच्या भिंतींत रुततें. या पोटापुढेंच पडदा व त्यापलीकडे काळीज आहे. तार पुढें सरकली तर काळजापर्यंत पोंचते. जनावर चारा सोडतें, दूध आटतें, पाठ कमान करून व पुढील कोपरें बाहेर काढून उभें राहतें, उतारावर चालण्यास कुरकुरतें. अशीं लक्षणें दिसतांच पशुवैद्यास दाखवावें. रोग जुना झाल्यावर इलाज कठीण. एका पिनेनें जोडींतील बैल गेला तर ऐन पेरणींत दुसरा कोठून आणावा? म्हणून हिरीचा टांका हा केवळ जुनी रीत म्हणून नव्हे, तर गोठ्याच्या हिताचा म्हणून आम्ही सांगतों. हीर गुराच्या पोटांत गेली तरी ती गवताच्या काडीसारखीच.

प्लास्टिकची दोरी, पट्टी व कागदी पन्नी हींही त्याच कारणासाठीं वर्ज्य. प्लास्टिक पोटांत पचत नाहीं व कुजत नाहीं. त्याचा गोळा होऊन तें पोटांतच राहतें.

पानांपैकीं कण्हेर व पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचीं पानें तोरणांत मिसळूं नयेत. दोन्ही अत्यंत विषारी असून कण्हेरीचें पान वाळल्यावरही त्याचें विष जात नाहीं. घाणेरीचीं फुलें मुलांस आवडतात; पण तिचा पाला गुरांच्या यकृतास बाधतो. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. पांढऱ्या बारीक फुलांसाठीं कोणी गाजरगवताचे तुरे लावतात, तेंही नको. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसलेलें हें तण आज बांधोबांधीं पसरलें आहे. त्यानें अंगास खाज सुटते व दम्याच्या माणसास त्रास होतो. त्याचें बीं आपल्याच हातानें अंगणांत आणणें म्हणजे घरांत चोर घेण्यासारखें आहे.

आंबा मुळींच नसेल त्यांनीं उंच सरळ वाढणाऱ्या हिरव्या अशोकाचीं किंवा जांभळीचीं पानें घ्यावीं. रीत हीच.

७. निगा व विल्हेवाट

बांधणीपूर्वीं पानांचे देठ घटकाभर पाण्यांत बुडवून ठेवल्यास पान अधिक टिकतें. तोरण लावल्यावर वरून पाणी शिंपडीत बसण्यांत लाभ थोडा. त्यानें झेंडू मात्र लवकर कुजतो. पश्चिमेच्या दारास दुपारचें ऊन लागतें. तेथील तोरण आधीं वाळेल हें गृहीत धरून तें सणाच्या दिवशींच बांधावें. पूर्वेच्या दाराचें आदल्या सायंकाळीं बांधलें तरी चालतें. निरांजन, पणती किंवा तापणारा विजेचा दिवा तोरणाखालीं नसावा. वाळलेलें पान चटकन् पेट घेतें.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीं फुलें काढून टाकावीं. पानें वाळून खळखळूं लागलीं म्हणजे तोरण उतरावें. हिरी उपसून पानें वेगळीं करावीं व दोरी गुंडाळून पुढील सणास ठेवावी. चांगली दोरी दोन हंगाम जाते. आंब्याचें पान चिवट असल्यानें तें सावकाश कुजतें. म्हणून तें हातानें चुरडून, शेणकाला शिंपडून खताच्या खड्ड्यांत थर देऊन घालावें. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें पालापाचोळा व शेण यांचे थर देऊन खत करण्याची जी पद्धति सिद्ध केली, तींत असला पाला चांगला मुरतो. ज्यांस तितका खटाटोप नको, त्यांनीं चुरा नव्या कलमाच्या आळ्यांत पसरावा, ओल टिकते.

८. तोरणाचा आंबा

वरील सर्व काळजी घेऊनही गांवाच्या गरजेपुरतीं पानें आडवाटेनें मिळतीलच असें नाहीं. यावर कायमचा उपाय आम्हांस असा सुचतो कीं, प्रत्येक घरानें एक आंबा केवळ पानांसाठीं लावावा. त्यास कलम नको. ज्येष्ठ-आषाढांत खाल्लेल्या रायवळ आंब्याची कोय स्वच्छ धुवून, फार न वाळवितां, लगेच मोरीच्या सांडपाण्याजवळ, उन्हाच्या जागीं लावावी. कोय फार दिवस ठेविली तर तिची उगवणशक्ति जाते. दोन-तीन कोया लावून पुढें जोमदार रोप एक ठेवावें. रोप छातीइतकें झालें म्हणजे त्याचा शेंडा छाटावा; मग बाजूंनीं फांद्या फुटतात. छाटणी पावसाळ्याच्या आरंभीं केली तर हिंवाळ्यापर्यंत नवीन पानें जून होऊन तोरणास येतात. दरवर्षीं अशी छाटणी ठेवल्यास झाड झुडुपासारखें राहतें, मुलांचा हात पोंचतो, कोणास फांदीवर चढावें लागत नाहीं. या झाडापासून फळाची अपेक्षा नाहीं; म्हणून त्याचा शेंडा मोडला तरी मन खट्टू होत नाहीं.

ज्यांस परसू नाहीं अशा घरांसाठीं देवळाच्या आवारांत, शाळेच्या कुंपणाशीं किंवा सार्वजनिक विहिरीच्या सांडपाण्यावर अशीं चार झाडें गांवकऱ्यांनीं लावावीं, व तीं तोरणाचीं म्हणून सर्वांस सांगून ठेवावीं. तीन-चार वर्षांत वाटेवरच्या फळत्या झाडांवरील भार कमी झालेला दिसूं लागेल.

तोपर्यंत एवढें करावें. सणाच्या आदल्या दिवशीं मुलांस पानें आणण्यास पाठविण्यापूर्वीं एकदां त्यांस झाडापाशीं न्यावें. शेंड्यावरील फुगीर डोळा कोणता, त्यामागील जून पान कोणतें, खुंटावरील रायवळ फूट कोणती, हें बोट ठेवून दाखवावें, व हातीं कात्री द्यावी. मुलें हें एका सकाळींत शिकतात. वैशाखांत त्याच फांदीवर आंबा लागला म्हणजे तोही त्यांस दाखवावा, आणि उतरल्यावर पहिला त्यांसच द्यावा.